विणीला आलेल्या स्टीलहेडला गळ नको

संपादक महोदय,

परदेशस्थ वाचकांच्या पानावर ओहायोतल्या स्टीलहेड (सरोवरात वाढून विणीसाठी नदीत चढणारा रेनबो ट्राउट) मासेमारीवरचा लेख वाचला. लेखकाचा उत्साह आवडला. पण ‘एप्रिलमध्ये उथळ खडीवर दोन-तीन मासे एकत्र दिसले की तिथेच गळ टाका, मासा हमखास मिळतो’ हा त्यातला सल्ला फार खटकला. मी क्लीव्हलँडच्या पश्चिमेला राहतो आणि बर्फ वितळल्यापासून मे उजाडेपर्यंत जमेल तेव्हा ईरी सरोवराला मिळणाऱ्या रॉकी रिव्हर या नदीवर असतो, म्हणून हे पत्र.

उथळ पाण्यात असे एकत्र दिसणारे मासे विणीला आलेले असतात. या नदीचा तळ बहुतेक ठिकाणी शेल या थराथरांच्या खडकाच्या सपाट फरशांचा आहे. अंडी घालण्याजोगी खडी मोजक्याच जागी सापडते. मादी कुशीवर होते, शेपटीचे फटकारे मारून खडी उडवते आणि खळगा करते. शेवाळलेल्या तळात तेवढाच तुकडा धुतल्यासारखा उजळ दिसतो. मागे एक-दोन नर ताटकळत असतात, त्यांच्या अंगावरचा तांबडा पट्टा काठावरूनही कळतो. अंडी पडली की मादी थोडी वर सरकून पुन्हा खणते आणि उडालेली खडी आधीच्या खळग्यावर पसरते. तिचे पर (पोहायचे पंख) आणि शेपटीची कड तोवर झिजून पांढरी पडलेली असते. अशा वेळी तिचं खाण्याकडे लक्ष नसतं. समोरून पुन्हा पुन्हा गळ ओढला की तो बऱ्याचदा तोंडात न अडकता पोटात नाहीतर परात रुततो. असा रुतलेला मासा ठेवणं कायद्यालाही मान्य नाही.

यावर एक उत्तर नेहमी ऐकू येतं: ‘हे सगळे सरकारी मत्स्यबीज केंद्रातले मासे, इथे अंडी घातली तरी पिल्लं उन्हाळ्यात तगत नाहीत, मग बिघडलं कुठे?’ त्यात तथ्य आहे. स्टीलहेड मूळचा पॅसिफिक किनाऱ्याचा. ओहायो राज्य कॅस्टेलियाच्या केंद्रात मिशिगनच्या मॅनिस्टी वाणाची पिल्लं वाढवून दर वसंतात चार लाखांहून अधिक पिल्लं रॉकी, शॅग्रिन, ग्रँड, व्हर्मिलियन अशा नद्यांत सोडतं. आमच्या नद्या जुलैत इतक्या तापतात की ट्राउटच्या पिल्लांचा निभाव लागणं कठीण. पण न्यूयॉर्कमधल्या कॅटरॉगस क्रीक या नदीच्या थंड उपनद्यांत नैसर्गिक वीण होते, तिथे खडी तुडवली तर पायाखाली अंडीच चिरडतात. शिवाय स्टीलहेड पॅसिफिक सॅल्मन माशासारखा विणीनंतर मरतोच असं नाही. सुखरूप ईरी सरोवरात पोचला, तर पुढच्या हंगामात आणखी थोराड होऊन परत येतो. माझा सगळा जीव त्या परतणाऱ्या माशात आहे.

हंगामाच्या शेवटी मासेमारीच करू नये, असं माझं म्हणणं नाही. वीण आटोपलेले मासे सरोवराकडे उतरताना खालच्या डोहांत थांबतात. अंगाने वाळलेले, पण भुकेने वखवखलेले असतात आणि आमिषावर झडप घालतात. गळ टाकायचा तर तिथे. गळाचा काटा बिनदात्याचा (टोकाला उलटा दात नसलेला) असावा, हात आधी ओले करावेत, मासा पाण्याबाहेर कमीत कमी ठेवावा आणि तोंड प्रवाहाकडे करून तो स्वतः शेपटी मारून निसटेपर्यंत धरावा. पाणी 20 अंश सेल्सिअसच्या जवळ गेलं की मी काठी गुंडाळतो. त्या तापमानाला दमलेला मासा पोहत गेलेला दिसला तरी वाचेल याची खात्री नसते.

घरी न्यायला मासा हवा असेल, तर पिवळा पर्च स्टीलहेडपेक्षा कितीतरी चविष्ट. वसंतात तो बंदराच्या धक्क्यांजवळ येतो. तळाशी शिसं, वर दोन गळ, त्यांना एमरल्ड शायनर हे छोटे मासे आमिष म्हणून लावले की झालं. मात्र त्याची वीणही एप्रिल-मेमध्येच असते. गाबोळीने फुगलेली मोठी मादी हातात आली तर मी सोडून देतो. ती अंड्यांचा लांबलचक, चुणीदार पट्टा पाणवनस्पतींवर पसरते. ईरीच्या मध्य भागात पर्च इतका घटला की तिथली रोजची मर्यादा 30 वरून 10 वर आणावी लागली. खोल पाण्यातून ओढलेल्या पर्चची गोष्ट वेगळी: त्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगते आणि सोडलेला मासा पाठीवर तरंगत राहतो. तिथे लहान सोडून मोठे निवडत बसू नये, मिळतील ते घ्यावेत आणि पुरेसे झाले की गळ गुंडाळावा.

पुढच्या वेळी असा लेख छापाल, तेव्हा सोबत ओहायोचा नियमही एका चौकटीत द्यावा, ही विनंती: 1 सप्टेंबर ते 15 मे या काळात माणशी रोज दोनच स्टीलहेड, आणि 12 इंचांहून लहान एकही नाही.

– एक वाचक, क्लीव्हलँड (ओहायो)