रविवारी सकाळी नेणारी आणि संध्याकाळी परत आणणारी एक गाडी

प्रति,
मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
सविनय नमस्कार.

हे पत्र पर्यटन मंत्र्यांना लिहावं, असं आमच्या घरी बहुमत होतं. मी ऐकलं नाही. सकाळी डबा बांधून निघणाऱ्या आणि रात्री घरी येऊन झोपणाऱ्या माणसाला त्या खात्याकडून फारसं काही नको असतं. रिसॉर्ट नको, महोत्सव नको, ‘मी अमुक गावात आहे’ असं लिहिलेला सेल्फी पॉइंट तर नकोच नको. त्याला परतीची गाडी हवी असते, आणि ती तुमच्या खात्याकडे आहे.

आमच्याकडे चारचाकी नाही, एक स्कूटर आहे. गेल्या श्रावणातल्या एका रविवारी आम्ही सहा जण पुण्याहून निघालो. मी, नवरा, अकरा आणि सात वर्षांची दोन मुलं, माझी ऑफिसातली मैत्रीण आणि ७६ वर्षांची आई. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव आहे, गावामागे झरा आणि जुनं महादेवाचं देऊळ. तालुक्यापर्यंत एसटीने मजेत पोहोचलो. तिथल्या वाहतूक नियंत्रकांना पुढच्या गाडीची वेळ विचारली.

“ती संध्याकाळी सव्वासहाला. मुक्कामी आहे.”

“आणि तिकडून परत?”

“सकाळी सहाला.”

“मधे काहीच नाही?”

“दुपारची असते, पण ती शाळेची. आज रविवार.”

तालुक्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण माणूस भला होता. आईला त्यांनी स्वतःच्या खुर्चीवर बसवलं. वेळापत्रक काही त्यांनी केलेलं नव्हतं.

मग आम्ही वडापने, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या खासगी जीपने गेलो. जीपमध्ये किती माणसं होती ते सांगत नाही, तुमच्याच खात्याच्या आरटीओला उगाच काम लागेल. झरा पाहिला, देवळाच्या ओट्यावर धपाटे खाल्ले, एका घरी चहा झाला. चार वाजता परतायला निघालो, तर वडापवाला म्हणाला, गाडी भरल्याशिवाय हलणार नाही. पावणेसहापर्यंत ती भरली नाही. शेवटी टोमॅटोचे क्रेट पोचवून आलेल्या एका पिकअपने आम्हाला घेतलं. आई पुढे ड्रायव्हरशेजारी, बाकीचे मागे ताडपत्रीखाली. पुण्याची शेवटची गाडी तुडुंब होती, स्वारगेटपर्यंत उभ्याने आलो. घरी पोहोचायला रात्रीचे अकरा वाजले. आई तेवढ्यातही म्हणाली, “झरा मात्र छान होता.”

त्या रात्री माझ्या लक्षात आलं की, एसटी आमच्यासाठी कमी नाही, ती आमच्यासाठी उलटी आहे. मुक्कामी गाडी संध्याकाळी गावात जाते, चालक-वाहक तिथेच झोपतात आणि पहाटे ती गावाला घेऊन तालुक्याला येते. कोर्टाची तारीख, दवाखाना, बाजार, कॉलेज, सगळं त्या एका गाडीवर चालतं. १९४८ साली पुणे ते अहमदनगर पहिली एसटी धावली, तेव्हापासून या महामंडळाने केलेलं सर्वांत शहाणपणाचं काम मला हेच वाटतं. त्या गाडीला हात लावा, असं मी कधीच म्हणणार नाही. पण शहरातून गावाकडे एका दिवसासाठी जाणाऱ्याला नेमकी याच्या उलट गाडी लागते. पहाटे आत जाणारी, संध्याकाळी बाहेर येणारी.

आणि ती गाडी आहे, साहेब. सोमवार ते शनिवार मुलांना शाळेत नेणारी आणि घरी सोडणारी फेरी रविवारी बंद असते. मुलं नाहीत तर रिकामी गाडी कशाला पळवायची, हे बरोबरच आहे. पण मग ज्या एका दिवशी शहरातली माणसं मोकळी असतात, त्याच दिवशी ती गाडी आगारात उभी असते. आमच्याकडे सुट्टी आहे आणि गाडी नाही, आगाराकडे गाडी आहे आणि तिला सुट्टी आहे.

आता हिशेब. आई पंच्याहत्तरीच्या पुढची, ऑगस्ट २०२२ पासून तिचा एसटी प्रवास मोफत आहे. मी आणि मैत्रीण, मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. दोन्ही मुलांची अर्धी तिकिटं. नवरा पूर्ण. म्हणजे सहा माणसं आणि तिकिटं तीन. भाड्याची गाडी करायची तर दिवसाचे काही हजार मोजावे लागतात, शिवाय ड्रायव्हरचं जेवण, टोल आणि ‘ताई, आता निघू या’ हे ऐकणं वेगळंच. सवलती देऊन सरकारने आमच्यासारख्यांचं फिरणं परवडणारं केलं, त्याबद्दल मनापासून आभार. फक्त ती सवलत वापरायची गाडी रविवारी धावू द्या. ‘आवडेल तेथे प्रवास’ हा तुमचा पास १९८८ पासून आहे आणि चांगला आहे, पण तो चार किंवा सात दिवसांचा. नोकरी करणाऱ्या घराला सलग चार दिवस दिवाळीतही मिळत नाहीत. एका रविवारचा पास काढता येईल का, तेही पाहा.

तुम्ही म्हणाल, भारमान मिळणार नाही, म्हणजे गाडी पुरेशी भरणार नाही, आणि महामंडळ आधीच तोट्यात. पण या फेरीला फक्त आमच्यासारखे हौशी बसणार नाहीत. गावातला जो मुलगा चाकणला कंपनीत आहे, त्यालाही रविवारी सकाळी घरी जायचं असतं आणि सोमवारच्या पहिल्या पाळीसाठी संध्याकाळी परत यायचं असतं. आज तो मोटारसायकलवरून घाट उतरतो, पावसात, अंधारात. त्याची आणि माझी वेळ एकच आहे. दुसरी शंका त्या नियंत्रकांनीच काढली होती. “गाडी दिवसभर गावात उभी ठेवून मी काय करू?” उभी ठेवूच नका. आम्हाला सोडून तिने तालुक्याला यावं, दुसऱ्या गावाच्या दोन फेऱ्या माराव्यात आणि साडेचारला पुन्हा न्यायला यावं. चालक-वाहकांची साप्ताहिक सुटी मात्र यात बुडता कामा नये. ती दुसऱ्या वारी देता येते का, हे आगाराने त्यांना विचारूनच ठरवावं.

गर्दीबद्दलही बोललं पाहिजे. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ ला पुण्याजवळच्या कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा पूल कोसळला. दोन्ही दिवस रविवार. एसटी असती तर हे टळलं असतं, असा दावा मी करत नाही, तो खोटा ठरेल. पण दर पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांचा मनाईचा आदेश येतो, पोलीस चौकात उभे राहतात आणि गाड्यांची रांग वळून पुढच्या, बंदी नसलेल्या ओढ्याकडे जाते. चारचाकीतून आलेली माणसं मोजता येत नाहीत. एसटीतून आलेली मोजता येतात, तिकिटासकट. ओढ्याला पाणी चढलं तर फेरी तालुक्यालाच थांबवता येते. आणि कंडक्टर “साडेचारला गाडी निघणार, नंतर मला शोधू नका” असं म्हणाला, की माणसं आपोआप पाण्याबाहेर येतात. माझी तरी येतील.

हे नवीनही नाही. अजिंठ्याला फर्दापूरच्या टी-पॉइंटवर गाड्या थांबतात आणि पुढे लेण्यांपर्यंत एसटीचीच बस नेते. सिंहगडावर मात्र मे २०२२ मध्ये पीएमपीच्या, म्हणजे पुण्याच्या शहर बससेवेच्या, ई-बस सुरू झाल्या आणि त्याच महिन्यात बंदही झाल्या. माझ्या मते तिथे चूक अशी झाली की, बस फक्त पायथ्यापासून वर होती. पायथ्यापर्यंत लोक आपापल्या गाड्या घेऊनच येत राहिले. गाडी घराजवळच्या स्थानकातून सुटली पाहिजे.

सगळ्या महाराष्ट्राचं मागत नाही. पावसाळ्यातले आणि त्यानंतरचे मिळून बारा रविवार घ्या, आणि दोन मार्ग. एक, स्वारगेटहून नसरापूरवरून राजगडाच्या पायथ्याला गुंजवण्याला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांमध्ये राजगड आहे. जगाने तो पाहावा असं आपण म्हणतो, मग पुण्याच्या माणसाला तिकडे एका दिवसात जाऊन येता यायला हवं. ही गाडी संध्याकाळी साडेपाचच्या आधी निघू नये, गड उतरायला वेळ लागतो. दुसरा, शिवाजीनगरहून जुन्नरमार्गे नाणेघाटाजवळच्या घाटघरला. जुन्नर तालुका २०१८ साली पर्यटनासाठी खास जाहीर झाला. नाणेघाटातल्या दगडी रांजणात सातवाहनांच्या काळी जकात जमा होई, असं सांगतात. आईला तो रांजण पाहायचा आहे. तिथे उतार-चढाव फारसा नाही, म्हणून ती हट्टाला पेटली आहे.

बारा रविवारांनंतर भारमान पाहा आणि नाही जमलं तर बंद करा, मी तक्रार करणार नाही.

आणि एक. फेरी सुरू केलीत तर तिची वेळ फक्त ॲपमध्ये टाकू नका, फलाटावर रंगवून घ्या, जातानाची आणि येतानाची, दोन्ही. अक्षरं मोठी ठेवा. आई चष्मा घरी विसरते.

आपली,
अर्ध्या तिकिटाची एक प्रवासी,
पुणे