समुद्रकाठच्या गावांबद्दल

प्रिय नंदू,

तुझं पत्र मिळालं. ‘पर्यटक वाढले की समुद्रकाठची गावं आपोआप सावरतील,’ हे तुझं वाक्य मनातून जाईना, म्हणून लगेच लिहायला बसलो.

अरे, इतर गावांना चारी बाजूंनी गिऱ्हाईक येतं. यांची एक बाजू पाण्यातच. त्यात हंगाम चार-पाच महिन्यांचा. वेटर, होडीवाले, खोल्या झाडणाऱ्या बायका, सगळ्यांनी वर्ष काढायचं ते तेवढ्या कमाईवर. घरभाडं मात्र बाराही महिने द्यावंच लागतं.

इंग्लंडमधलं ब्लॅकपूल बघ. १८४६ मध्ये रेल्वे आली, १८९४ मध्ये टॉवर उभा राहिला. लँकशरच्या कापडगिरण्यांना सुट्टी पडली की कामगार सहकुटुंब तिथे लोटायचे. पुढे विमानप्रवास स्वस्त झाला आणि तीच माणसं स्पेनच्या उन्हात जाऊ लागली. मला खरं सांगायचंय ते त्यानंतरचं. दहा-बारा खोल्यांची गेस्टहाउसं ओस पडली, तेव्हा मालकांनी एकेक खोली भाड्याने दिली. एकाच दारावर आठ बेलची बटणं, प्रत्येकाखाली नावाची चिठ्ठी, जुनी खरवडून त्यावर नवी चिकटवलेली. आत पलंगाच्या पायथ्याशीच शेगडी. भाडं कमी, म्हणून आजारी, बेकार, एकटी पडलेली माणसं तिथे येत गेली. म्हणजे ज्या गावात मुळात काम नाही, तिथेच कामाची सर्वांत जास्त गरज असलेले लोक गोळा झाले! एसेक्समधल्या जेविकमध्ये तर उन्हाळी सुट्टीपुरत्या बांधलेल्या हलक्या घरांत लोक बारमाही राहतात. २०१०, २०१५ आणि २०१९, तिन्ही वेळच्या सरकारी पाहणीत इंग्लंडमधली सर्वांत वंचित वस्ती तीच ठरली.

आता तुझ्या म्हणण्याकडे येतो. इंग्लंडमधल्याच कॉर्नवॉलच्या सेंट आइव्ह्ज या समुद्रकाठच्या गावाला पर्यटक कमी नाहीत. पण बाहेरच्यांनी सुट्टीसाठी घरं घेतली आणि किमती गावकऱ्यांच्या आवाक्याबाहेर गेल्या. शेवटी २०१६ मध्ये त्यांनी मतदान करून ठरवलं, की नवं घर कायम राहणाऱ्यालाच मिळावं. पाहुण्यांसाठी रांधणाऱ्याला गावात छप्पर मिळत नसेल, तर पर्यटक वाढून कोणाचं भलं झालं, सांग बरं?

पर्यटक नकोत असं मी म्हणत नाही. पण बारमाही काम, शिकायला कॉलेज, हंगाम सरल्यावरही धावणारी गाडी, हे आधी हवं. तू समुद्रकाठच्या गावांच्या आराखड्याच्या समितीवर आहेस म्हणून एवढं लिहितोय. कच्चा मसुदा झाला की पाठव. त्यात बिनहंगामाच्या महिन्यांचा रकाना भरलेला असू दे, मी आधी तोच वाचणार आहे.

तुझाच,
विनू