कम्युनिटी कॉलेज आणले, प्राचार्य कुठे आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जिल्ह्यातील अनेक महाविद्यालयांचा गाडा प्रभारी प्राचार्यच ओढत असल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. बातमीत रिक्त पदांचा हिशेब आहे, पण त्या जागा रिकाम्या राहिल्याने अडते काय, हे त्यात आलेले नाही. त्यासाठी मला थोडे लांबून, अमेरिकेतल्या मायामीहून सुरुवात करावी लागेल.

कॅस्ट्रोंची राजवट आल्यावर धास्तावलेल्या क्युबन आईबापांनी १९६० अखेर ते १९६२ या काळात १४ हजारांहून अधिक मुले एकटीच विमानात बसवून अमेरिकेला धाडली. ‘ऑपरेशन पेद्रो पान’ या नावाने ती मोहीम ओळखली जाते. १९६१ साली पंधरा वर्षांचा एदुआर्दो पाद्रॉन धाकट्या भावाला घेऊन असाच मायामीत उतरला. काहीही झाले तरी कॉलेजात जायचे, असा शब्द आईने त्याच्याकडून घेतला होता. पण नामवंत विद्यापीठांनी त्याला दारात उभे केले नाही. घेतले ते डेड काउंटी ज्युनिअर कॉलेजने. अशा कॉलेजला तिकडे कम्युनिटी कॉलेज म्हणतात, म्हणजे परिसरातल्या कुणालाही घेणारे, गावच्या गरजेचे शिकवणारे कॉलेज. ते १९६० मध्येच सुरू झालेले, आणि ‘कोंबड्यांच्या खुराड्यातले कॉलेज’ अशी त्याची थट्टा व्हायची. काळ्या आणि गोऱ्या मुलांना एका वर्गात बसवण्याची हिंमत मात्र त्याच खुराड्याने दाखवली. फ्लोरिडात तेव्हा ती साधी गोष्ट नव्हती.

पाद्रॉन पुढे अर्थशास्त्रात पीएच.डी. झाले, १९७० साली. बड्या कंपनीची वाट मोकळी होती, पण ते शिकवायला आपल्या जुन्या कॉलेजात परतले. १९८० मध्ये शहराच्या मध्यवस्तीतल्या वुल्फसन कॅम्पसचे प्रमुख आणि १९९५ मध्ये साऱ्या महाविद्यालयाचे अध्यक्ष, म्हणजे आपल्याकडचे प्राचार्यच म्हणा, झाले. निवृत्ती २०१९ मध्ये. म्हणजे अध्यक्षपदाचीच चोवीस वर्षे, आणि त्याआधी कॅम्पस सांभाळल्याची पंधरा!

या काळात या कॉलेजची (आताचे नाव मायामी डेड कॉलेज) विद्यार्थिसंख्या सुमारे १ लाख ६५ हजारांवर गेली. शाळा पूर्ण केलेल्या कुणालाही तिथे दार उघडे. इंग्रजी किंवा गणित कच्चे असेल तर आधी ते पक्के करून घ्यायचे, नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळचे आणि शनिवार-रविवारचे वर्ग ठेवायचे. २००३ पासून चार वर्षांची पदवीही सुरू झाली, तीसुद्धा शिक्षक घडवण्यापासून, कारण शहराच्या शाळांना शिक्षक हवे होते. दोन वर्षे इथे काढून पुढे विद्यापीठात जाण्याची वाट तर सुरुवातीपासूनची. शिवाय १९८४ मध्ये, कॅम्पसप्रमुख असताना, शहरातल्या पुस्तकविक्रेत्यांना हाताशी धरून त्यांनी पुस्तकांची जत्रा उभी केली. आज ती अमेरिकेतल्या मोठ्या ग्रंथजत्रांपैकी एक आहे आणि अजूनही कॉलेजच्याच अंगणात भरते. प्राचार्याला असले उद्योग सुचायला आधी तो निवांत बसलेला असावा लागतो.

२०११ मध्ये ओबामा पदवीदान समारंभाला तिथे गेले. २०१६ मध्ये पाद्रॉन यांना देशाचे सर्वोच्च नागरी पदक मिळाले. त्याच समारंभात मायकेल जॉर्डन आणि टॉम हँक्सही पदक घ्यायला उभे होते. आपल्याकडे एखाद्या तालुक्याच्या प्राचार्याला पद्म पुरस्कार मिळाल्याचे किती वाचकांना आठवते?

हे सारे गोडच आहे असे नाही. एक माणूस इतकी वर्षे खुर्चीत बसला की इतरांचा आवाज बसतो. अध्यापकांना कारभारात स्थान उरले नाही म्हणून नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तिथल्या प्राध्यापकांनी आपली युनियन काढली. अशा कॉलेजांत शिक्षण अर्धवट सोडणारेही पुष्कळ असतात. आणि पाद्रॉन निवृत्त होताच नव्या अध्यक्षाच्या निवडीत राजकारण शिरले. गव्हर्नरांनी नेमलेल्या नव्या विश्वस्तांनी अंतिम यादीच बाजूला ठेवून निवड पुन्हा सुरू केली. अखेर २०२१ च्या आरंभी मॅडेलिन पुमारिएगा रुजू झाल्या, त्या पदावरच्या पहिल्या महिला. त्यासुद्धा याच कॉलेजच्या माजी विद्यार्थिनी. इतका घोळ होऊन खुर्चीवर आलेल्या बाईंना आतले जिने पाठ होते, हे विसरू नये.

आता आपल्याकडे या. अमेरिकेशी उच्च शिक्षणाची बोलणी झाल्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने बाराव्या पंचवार्षिक योजनेत कम्युनिटी कॉलेजची योजना आणली. अस्तित्वातल्या महाविद्यालयांनाच अनुदान देऊन तिथे कौशल्याच्या पदविका चालवायच्या, स्थानिक उद्योगांना सोबत घ्यायचे. कल्पना चांगली. द्राक्षपट्ट्यातल्या ज्या तालुक्यात मी शिकवले, तिथल्या एका महाविद्यालयात अन्नप्रक्रियेची पदविका सुरू झाली. गावाबाहेर बेदाण्याच्या शेडच शेड. माल निवडायला, प्रतवारी करायला, कोल्ड स्टोरेजचा हिशेब ठेवायला जाणती माणसे हवी होती. पण करार झाला तो परगावच्या एका कंपनीशी, कारण कागद तयार होता. शेडवाल्यांना एकदाही कुणी चहाला बोलावले नाही. शिक्षक तासिका तत्त्वावर, यंत्रे खोक्यात. अनुदान थांबले आणि वर्गाला कुलूप लागले.

दोष कुणाचा? मला त्या प्राचार्यांना दोष देता येत नाही. ते प्रभारी होते. सकाळी स्वतःचा तास घ्यायचा, मग महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायली, मग संस्थेच्या सचिवांचा फोन, दुपारी सहसंचालक कार्यालयाची माहिती ‘तात्काळ’ पाठवायची. सहीखालच्या शिक्क्यात ‘प्रभारी’ असेल तर कोण गावातल्या शेडवाल्यांची बैठक लावील? आज आहे, उद्या नाही. कायम प्राचार्याची मुदतही नियमाने पाच वर्षांची, फार तर आणखी पाच. चोवीस वर्षे कुणी मागत नाही, पण पाच तरी सलग मिळू द्या. शिवाय निवड समितीसमोर बसलेल्या उमेदवाराला संशोधनाचे गुण मोजून दाखवावे लागतात. या गावात कोणकोणते धंदे चालतात, असे त्याला विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

शासनाकडे मागणी करून करून आमचे अर्ज पिवळे पडले, म्हणून आपल्याकडेच मागतो. पुढच्या बातमीत रिक्त पदांच्या आकड्यासोबत प्रत्येक महाविद्यालयात शेवटचा कायम प्राचार्य कोणत्या साली होता, आणि कौशल्याचे कोणते अभ्यासक्रम सुरू होऊन बंद पडले, एवढे दोन रकाने छापावेत. माहितीच्या अधिकारात ते मिळतील. अर्ज लिहायला मी मदत करीन.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, सोलापूर जिल्हा