पिसारोची खिडकी

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

आज १३ नोव्हेंबर. १९०३ साली याच तारखेला चित्रकार कामीय पिसारो पॅरिसमध्ये वारला. दरवर्षी या दिवशी त्याच्या चित्रांची पुस्तकं काढून बसतो, हे तुला ठाऊक आहे. यंदा तू लंडनला आहेस, म्हणून पत्र.

त्याचा थोरला मुलगा ल्युसियाँही लंडनलाच स्थायिक झाला होता. बाप त्याला वर्षानुवर्षं लिहीत राहिला: इझलवर काय आहे, डोळा कसा आहे, काय विकलं गेलं, पैशांची किती ओढाताण आहे. पॅरिसची ती चित्रं कशी होत गेली हे आज आपल्याला कळतं, ते बरंचसं या पत्रांमुळेच.

जन्म कॅरिबियन बेटावरचा, उमेदीची वर्षं खेड्यापाड्यांतली शेतं रंगवण्यात गेलेली. पॅरिस त्याने मनापासून रंगवलं ते साठी ओलांडल्यावर. डोळ्याच्या अश्रुनलिकेचं दुखणं जुनं, वारा-धूळ सोसेना. मग १८९७ च्या फेब्रुवारीत त्याने हॉटेलात वरच्या मजल्यावर खोली घेतली आणि खिडकीतून दिसणारा बुलेव्हार मॉन्मार्त्र रंगवायला घेतला. तोच रस्ता, तीच खिडकी, चित्रं १४. सकाळचं धुकं, पाऊस, ऊन, कार्निव्हलची गर्दी. लोक हे नवे रुंद रस्ते कुरूप म्हणायचे; त्याला मात्र ते रुपेरी, प्रकाशाने भरलेले आणि जिवंत वाटत, असं त्याने ल्युसियाँला कळवलं होतं.

माझं मत विचारशील तर त्याच्याच काळातल्या चित्रकार मोनेपेक्षा मला हा जवळचा. मोनेच्या चित्रात प्रकाश आधी येतो, माणूस नंतर. पिसारोच्या रस्त्यावर माणूस म्हणजे रंगाचा एवढासा ठिपका, पण तो ठिपका कुठेतरी निघालेला असतो. घाईत, छत्री सावरत, घोडागाडीला वाट देत. शहरावर जीव असल्याशिवाय इतक्या उंचावरून एवढं दिसत नाही गं.

त्या १४ चित्रांतलं रात्रीचं चित्र एकच, आणि ते तुझ्या लंडनच्या नॅशनल गॅलरीचं आहे. त्यावर त्याने सही केली नाही, हयातीत ते कुठे मांडलंही नाही. आकाश निळं, रस्ता पावसाने ओला. मधोमध विजेचे दिवे, थंड पांढरे. कडेच्या दुकानांतून गॅसच्या दिव्यांचा पिवळा-नारिंगी उजेड. खाली ताटकळत उभ्या घोडागाड्यांच्या कंदिलांची रांग. तीन प्रकारचे उजेड, आणि तिघांची ओल्या रस्त्यावर पडलेली थरथर. जवळ गेलीस तर नुसते कुंचल्याचे फटकारे दिसतील, गाडी नाही की माणूस नाही. मग हळूहळू मागे सरक. कुठल्या पावलावर रस्ता जागा होतो ते बघ. वर्गात मुलांना मी हे छापील चित्रावर दाखवायचा प्रयत्न करतो, पण त्यात ते घडत नाही.

प्रवेशाला पैसे पडत नाहीत, शुक्रवारी रात्री नऊपर्यंत उघडं असतं. चित्र सध्या भिंतीवर आहे ना, तेवढं आधी बघून घे. आणि माझं एक काम कर: मधल्या दिव्यांच्या पांढऱ्याशेजारी त्याने कुठला रंग टेकवलाय, ते नीट पाहून कळव. माझ्याकडच्या एका पुस्तकात तो हिरवट छापलाय, दुसऱ्यात निळसर.

तुझा,
बाबा