आई, इथली पोरं पावसातच पळतात

प्रिय आई आणि अण्णा,

दोघांना नमस्कार. आई, मी नीट जेवते गं, रात्री कुकर लावतेच, कॉलवर तोंड उतरलेलं दिसलं ते त्या पांढऱ्या लाइटमुळे, उगाच काळजी करत बसू नकोस.

अण्णा विचारत होते ना पाच वर्षांच्या पोरांना शिकवता तरी काय, तर खायला आणि पळायला. इथे स्कॉटलंडमध्ये डेली माइल म्हणून प्रकार आहे, २०१२ ला स्टर्लिंगच्या एका प्रायमरी शाळेत हेडबाईंनी सुरू केला कारण थोडं पळालं तरी पोरांना दम लागत होता. रोज १५ मिनिटं अख्खा वर्ग बाहेर. पीटी नाही, शर्यत नाही, नंबर नाही, कपडेपण बदलायचे नाहीत, आहे त्याच बुटात फेऱ्या मारायच्या, दमलं की चालायचं आणि परत पळायचं. आणि पाऊस झिमझिमत असला तरी! पहिल्या दिवशी माझ्या पोटात गोळाच आला, वाटलं उद्या सगळ्या आया भांडायला येणार, आपल्याकडे चार थेंब पडले तर तू टॉवेल घेऊन मागे धावायचीस. कुणीच आलं नाही. बर्फाने घसरडं झालं तरच आत थांबतो. परत येतात तेव्हा गाल लालबुंद असतात आणि गणिताला शांत बसतात, हे मी रोज बघते.

खाण्याचं मात्र अवघड. पाचवीपर्यंत सगळ्यांना शाळेत जेवण फुकट आहे, पण ताटात वाढलेली भाजी पोटात जाईलच असं नाही. एक पोरगा ब्रेडशिवाय कशाला हात लावत नाही. त्याला ओरडले नाही, जबरदस्तीपण नाही केली. तुझ्यासारखे मूग भिजवून ओल्या फडक्यात बांधून वर्गात ठेवले, फडकं सोडलं तर पोरं एकमेकांवर पडून बघत होती. दुसऱ्या दिवशी वाफवून नेले. त्याने एक मूग बोटावर घेतला, नुसती शेपटी कुरतडली, बराच वेळ चावत बसला, मग अजून दोन मागितले. आई, त्या दिवशी तुला फोन करायचा होता पण तिकडे मध्यरात्र झाली होती.

शेंगदाण्याचे लाडू शाळेत नेत नाही, काही पोरांना अ‍ॅलर्जी आहे म्हणून बंदी आहे. घरी मीच खाते, वाया नाही गेले.

आता दिवाळीचं. येते म्हणाले होते पण सुट्टी जुळत नाहीये, रागावू नका. ४० हजार टाकलेत, सोसायटीचा हप्ता भरा, उरतील त्यात अण्णांच्या तपासण्या करा. अण्णा, इथे मी रोज २२ पोरांना हाताला धरून चालवते आणि तुमच्यासोबत मारुतीच्या देवळापर्यंत यायला मी नाही, हे फार लागतं मनाला. तुम्ही एकटे तरी जा, १५ मिनिटंच.

कराडच्या स्थळाला नाही म्हणत नाहीये मी. मुलगा चांगला वाटतो, पण नोकरी सोडून ये म्हणतो. जूनमध्ये वर्ष संपतं, तोपर्यंत थांबायला सांगा, मावशीला मी स्वतः फोन करते.

आई, अण्णांच्या शुगरचा खरा आकडा पाठव, मागच्यासारखा कमी करून सांगू नकोस.

तुमची,
चिमी