काकवीची वाटी आणि मी

प्रिय संज्या,

‘दिवाळीला ये, पण या खेपेला तरी आईच्या हातचं गोड खा,’ असं तू लिहिलंस आणि मला तुमचं गुऱ्हाळ आठवलं. आपण सातवीत होतो. अण्णांनी कौतुकानं वाटीभर गरम काकवी दिली. मान राखायचा म्हणून मी प्यायलो आणि थोड्याच वेळात बांधावर ओकत, थरथरत बसलो. त्यानंतर तुमच्याकडं मी कधी गोड खाल्लं नाही. काकूंना ते लागलं, हे मला ठाऊक आहे.

कारण गेल्या वर्षी कळलं. सोनोग्राफीत यकृतावर चरबी दिसली. दारू नाही, वजन बेताचं, मग चरबी कशी? डॉक्टरांनी खाण्याबद्दल खोदून विचारलं, दात पाहिले. अडतिसाव्या वर्षी एकही किडलेला नाही! मग जनुकांची तपासणी झाली. आजाराचं नाव आनुवंशिक फ्रुक्टोज असहिष्णुता, म्हणजे फळांत-मधात असते ती साखर जन्मापासून न सोसणं. आई-बाबा दोघांकडून एकेक सदोष जनुक आलेलं. आल्डोलेज-बी हे विकर (एन्झाइम) काम करत नाही, म्हणून फ्रुक्टोज यकृतात अर्धवट मोडून अडकतं आणि रक्तातली साखर झपकन उतरते. 1956 साली लंडनमध्ये चेंबर्स आणि प्रॅट यांनी हे पहिल्यांदा लिहिलं, तेही 24 वर्षांच्या एका बाईबद्दल. तिलाही फळं आणि साखर सोसत नव्हती. ते वाचताना मला रडू आलं रे.

साखर, गूळ, मध, फळं जन्मभर बंद. त्याचं फार दुःख नाही, मला ती कधी हवीच नव्हती. जीव खातं ते लपलेलं गोड. आमटीतला गुळाचा खडा, कोशिंबिरीतली चिमूटभर साखर, खोकल्याचं औषध. मधुमेह्यांच्या ‘शुगर-फ्री’ मिठाईत बऱ्याचदा सॉर्बिटॉल असतं, त्याचंही शरीरात फ्रुक्टोजच होतं. फळं नाहीत म्हणून क जीवनसत्त्वाची गोळी घ्यावी लागते, पण चघळायच्या गोळीत साखर निघाली! आता प्रत्येक वेष्टन वाचतो.

काकूंना सांग, भात, तूप, दूध, अंडी, पालक मला चालतं. कांदा-टोमॅटो न घालता आळणी मटण केलं तर मी दोनदा वाढून घेईन. गाजर, बीट, रताळं नको.

आता नीट वाच. मला घाम फुटला, हात कापायला लागले, तर घाईत कुणी साखरपाणी पाजू नका. साखरेत निम्मं फ्रुक्टोजच असतं. माझ्या पिशवीत साध्या ग्लुकोजची डबी असेल, ते पाण्यात कालवून दे. शुद्ध हरपली तर तोंडात काहीही न घालता दवाखान्यात ने. ग्लुकोजचं सलाईन चालतं. फ्रुक्टोज किंवा सॉर्बिटॉलचं जिवावर बेतेल. पाकिटात तशी चिठ्ठी ठेवली आहे.

एवढं लिहायला पंचवीस वर्षं लागली. धनत्रयोदशीला संध्याकाळच्या एसटीनं येतो. हे पत्र आधी काकूंना वाचून दाखव, आणि मग अण्णांनाही.

तुझाच,
बाळू