शरदातली सफरचंदं आणि सारणाचे स्कोन

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

सफरचंदाचे स्कोन (मैद्याचे ओव्हनमध्ये भाजलेले छोटे खुसखुशीत पाव) वरून छान फुगले, पण आतून दडस राहिले, असं तू लिहिलंस. यात दोष पिठाचा नाही, फळातल्या पाण्याचा आहे. कच्चं सफरचंद भाजताना पाणी सोडतं. ते पाणी भोवतालच्या पिठात मुरतं आणि ओव्हनचा वेळ कितीही वाढवलास तरी तो भाग गिच्चच राहतो. म्हणून आधी सारण कर, पिठाला नंतर हात लाव.

दोन आंबटसर सफरचंदं सोल. तुकडे सेंटिमीटरभराचे, साधारण २५० ग्रॅम भरतील. दहा ग्रॅम लोण्यावर २ मोठे चमचे साखर, अर्धा चमचा दालचिनी पूड आणि थोडा लिंबाचा रस घालून झाकण न ठेवता सहा-सात मिनिटं परत. कलथा फिरवल्यावर कढईच्या तळाशी रस धावत आला, तर अजून वेळ आहे. कलथ्यामागची रेघ कोरडी राहिली आणि तुकडे चकचकीत दिसले की उतरव. मूठभर मनुका त्यातच टाक, उरलासुरला रस त्या पितात. सारण पूर्ण गार होऊ दे. कोमट सारणानेसुद्धा पिठातलं लोणी वितळतं आणि सगळी मेहनत वाया जाते.

आता पीठ. ३०० ग्रॅम मैदा, ३ सपाट चमचे बेकिंग पावडर, अर्धा चमचा मीठ, ४५ ग्रॅम साखर. बेकिंग पावडर याहून जास्त नको, तोंडात कडवट चव राहते. फ्रिजमधलं घट्ट लोणी ९० ग्रॅम, बारीक तुकडे करून बोटांच्या टोकांनी मैद्यात चुरड. तळवा लावू नकोस, तो गरम असतो. वाटाण्याएवढे काही खडे राहिलेच पाहिजेत: ओव्हनमध्ये ते वितळतात, त्यांच्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पापुद्रे सुटतात. एक अंडं फेटून त्यात गार दूध घाल, दोन्ही मिळून १५० मिली. यातलं चमचाभर वरून लावायला बाजूला ठेव, बाकीचं ओतून सुरीने कालव. गोळा ओबडधोबड दिसला तरी चालेल. पोळीच्या कणकेसारखं मळलंस की स्कोन चिवट झालेच म्हणून समज.

गोळ्याचे दोन भाग कर आणि प्रत्येक १८ सेंटिमीटर व्यासाचा थाप. एकावर तुकड्यांचा एकच थर पसर, कडेला दीड सेंटिमीटर जागा सोड. मोह होतो, पण सारणाचा ढीग नको, वरचा थर त्यावरून घसरतो. दुसरी चकती ठेवून कडा दाब आणि वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेव. मग धारदार सुरीने सरळ खाली दाबून आठ त्रिकोण काप. सुरी करवतीसारखी ओढलीस तर कापलेली कड चेपून बंद होते आणि त्या बाजूने स्कोन फुगत नाही. बाजूला ठेवलेलं अंडं-दूध फक्त वरच लाव, कडेवर ओघळलं तर तेही थर चिकटवतं.

ओव्हन आधी २०० अंशांवर नीट तापू दे. कमी तापलेल्या ओव्हनमध्ये पीठ धरायच्या आत लोणी वाहून जातं. वीस-बावीस मिनिटं लागतील. सळई टोचून काही कळणार नाही, फळाने ती ओलीच निघते. एक स्कोन उचलून बूड बघ: बदामी रंग, आणि टिचकी मारली की पोकळ आवाज. लगेच जाळीवर काढ, ट्रेवर ठेवलेस तर वाफेने बूड ओलं होतं.

नासपतीचेही असेच, फक्त ती जास्त रसाळ, म्हणून तीन-चार मिनिटं जादा परत आणि दालचिनीऐवजी सुंठ घाल. अलुबुखार वापरलास तर साखर थोडी वाढव.

सगळे एकदम भाजायचे नसतील तर कापलेले कच्चे त्रिकोण फ्रीझरमध्ये सुटे सुटे गोठव, मग डब्यात भर. भाजताना वितळवू नकोस, तसेच ओव्हनमध्ये घाल आणि चार-पाच मिनिटं जास्त दे.

पुढच्या खेपेला एक स्कोन मधोमध कापून बघ आणि सारणालगतचं पीठ कसं झालंय ते मला कळव.

तुझा,
अविनाश